तागडीत राग टाकू नये



मार्च महिना आला की आपल्या धर्मग्रामातील पुष्कळ घरांत दोन हिशेब एकाच वेळी सुरू असतात. एक हिशेब प्रायश्चित्त काळाचा. राखेच्या बुधवारी कपाळावर राख घेऊन आपण तो सुरू करतो आणि पुनरुत्थानाच्या सणाआधी प्रायश्चित्त संस्कार घेऊन तो प्रभूपुढे मांडतो. दुसरा हिशेब कचेरीचा. ३१ मार्चला आर्थिक वर्ष संपते आणि बँकेत, शाळेत, इस्पितळात, सरकारी खात्यात, खाजगी कंपनीत आपल्या हाती एक फॉर्म येतो किंवा संगणकाच्या पडद्यावर उघडतो. वर्षभरात तुम्ही काय केले? कुठे कमी पडलात? पुढच्या वर्षी काय करणार? तुमचे तुम्हीच लिहा! कुणी त्याला अप्रेझल म्हणतात, सरकारी खात्यात स्वयंमूल्यनिर्धारण म्हणतात आणि जुनी मंडळी अजूनही 'सी.आर.' म्हणतात.

पहिल्या हिशेबाविषयी आम्ही वेदीवरून दर वर्षी बोलतो. दुसऱ्याविषयी चर्चमध्ये सहसा कुणी बोलत नाही. पण रविवारची मिस्सा संपल्यावर चर्चच्या पायऱ्यांवर नोकरदार भाऊबहिणी आमच्याजवळ मन मोकळे करतात, तेव्हा ह्या दिवसांत तोच विषय निघतो. "फादर, फॉर्म भरायला हरकत नाही हो. पण तो वाचणार कोण? ज्याचे नाव काढले तरी सकाळी गाडीतच पोटात गोळा येतो, तोच ना? मग खरे लिहायचे तरी कशाला?"

प्रश्न साधा नाही. त्या कागदावर पगारवाढ ठरते, बढती ठरते, कधी कधी नोकरी राहणार की जाणार हेही ठरते. मुलांची फी आणि घराचा हप्ता त्यावर अवलंबून असतो. म्हणून आजच्या पानावर आपण ह्याच कागदाकडे शुभवर्तमानाच्या प्रकाशात पाहू या.

तिसऱ्या चाकराचा अहवाल

संत मत्तयच्या शुभवर्तमानातील तालांतांचा दाखला आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत (मत्तय २५:१४-३०). एक धनी परदेशी जाताना आपल्या तीन चाकरांकडे आपली संपत्ती सोपवतो. एकाला पाच तालांत, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला एक. एक तालांत ही काही लहानसहान रक्कम नव्हती. त्या काळच्या मजुराची जवळजवळ २० वर्षांची मजुरी एका तालांतात येत असे. पुष्कळ दिवसांनी धनी परत येतो आणि हिशेब मागतो. म्हणजे आपल्या भाषेत सांगायचे तर, तो तिघांचे अप्रेझल घेतो.

आता तिघांची उत्तरे नीट ऐका. पहिले दोघे फार थोडे बोलतात. आपण इतके दिले होते, त्यावर मी इतके मिळवले, हे पाहा. संपले! किती सोपविले होते आणि किती झाले, एवढेच त्यांच्या अहवालात आहे.

तिसरा मात्र वेगळ्याच ठिकाणी सुरुवात करतो. तो आधी धन्याचा स्वभाव सांगतो. तुम्ही कठोर आहात, जेथे पेरले नाही तेथे कापणी करता, मला तुमची भीती वाटली. त्याच्या अहवालाचा पहिला भाग सगळा साहेबाविषयी आहे. आणि स्वतःच्या कामाविषयी? जमिनीत खड्डा खणला आणि पैसे पुरून ठेवले, एवढेच!

बंधू-भगिनींनो, ह्या दाखल्यातील एक गोष्ट आपल्या सहसा ध्यानात येत नाही. धनी आपल्या स्वभावाविषयी वाद घालीत बसत नाही. मी कठोर नाही, मी फार प्रेमळ आहे, असे तो सांगत नाही. तो एवढेच विचारतो की, तुला माझा स्वभाव ठाऊक होता, तर निदान माझे पैसे सावकाराकडे तरी ठेवायचे होतेस. म्हणजे धनी कसा आहे हा एक प्रश्न आणि तू काय केलेस हा दुसरा प्रश्न. तिसऱ्या चाकराने पहिल्या प्रश्नाआड दुसरा प्रश्न लपवला, आणि तेथेच तो फसला.

येथे एक गैरसमज मात्र होऊ देऊ नका. दाखल्यातील धनी म्हणजे आपला कचेरीतील साहेब नव्हे. दाखल्यातील हिशेब आपल्याला परमेश्वरापुढे द्यायचा आहे. पण हिशेब देण्याची रीत माणूस एकदा शिकला की ती सगळीकडे तशीच चालते. जो साहेबापुढे दुसऱ्याचे दोष सांगून स्वतःचा हिशेब टाळतो, तो पापनिवेदनाच्या वेळीही बायकोचे, सासूचे आणि शेजाऱ्याचेच दोष सांगतो.

आमचीच एक गोष्ट

हे आम्ही पुस्तकातून सांगत नाही. सेमिनरीत जाण्यापूर्वी काही वर्षे आम्ही मुंबईतील एका कंपनीच्या हिशेब विभागात नोकरी केली. आमचे साहेब कामात हुशार होते, पण स्वभावाने तिखट. चूक झाली की सगळ्यांसमोर ओरडत, आणि काम चांगले झाले की ते वरिष्ठांपुढे स्वतःच्या नावावर मांडत. एका वर्षी पवित्र गुरुवारच्या मिस्सासाठी आम्ही तासभर आधी सोडण्याची विनंती केली, तर "देव काय तुमच्या एकट्याचीच वाट बघतोय?" असे म्हणून त्यांनी ती हसण्यावारी नेली. ते वाक्य आमच्या मनात काट्यासारखे रुतून बसले.

त्याच सुमारास स्वतःच्या कामाचा अहवाल लिहिण्याचा फॉर्म आला. रात्री जेवणे झाल्यावर स्वयंपाकघरातील टेबलावर बसून आम्ही तो लिहिला. दोन पाने भरली! प्रत्येक वाक्य वरवर सभ्य होते, पण आत विष होते. 'योग्य मार्गदर्शन मिळाले असते तर हे काम आणखी लवकर झाले असते.' 'वरिष्ठांची अनुपस्थिती असतानाही आम्ही काम वेळेत पूर्ण केले.' लिहून झाल्यावर आम्हाला फार समाधान वाटले. ते आम्ही आईला वाचून दाखवले.

आमची आई फारशी शिकलेली नव्हती. पहाटेच्या गाडीने भाजीच्या टोपल्या घेऊन ती दादरला जात असे, आणि त्या भाजीवर तिने आम्हा भावंडांना शिकवले. तिने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "अरे, ह्यात तुझा साहेब किती वेळा आला! हा कागद त्याचा आहे की तुझा?" मग थोडे थांबून म्हणाली, "आणि तो पोरगा कुठे आहे? धुळीत बसून जुन्या फायली काढणारा?"

आम्ही गप्प झालो. वर्षभर आम्ही घरी ज्या कामाचा मोठेपणा सांगत होतो, ते एक जुने न जुळणारे खाते होते. कित्येक वर्षे त्याचा घोळ सुटत नव्हता. आमच्या हाताखाली एक हंगामी कारकून होता. त्याने रेकॉर्डच्या खोलीत कित्येक दिवस बसून जुनी बिले शोधली, तेव्हा कुठे तो फरक सापडला. मीटिंगमध्ये साहेबांनी ते काम स्वतःचे म्हणून सांगितले होते. त्याचा राग म्हणून आम्ही फॉर्मवर लिहिले की ते काम आमचे. त्या मुलाचे नाव कुठेच नव्हते. तो हंगामी असल्यामुळे त्याला फॉर्म भरायला मिळत नव्हता. साहेबांनी आमचे जे चोरले म्हणून आम्ही वर्षभर जळत होतो, तेच आम्ही त्या मुलाचे चोरले होते. आणि रागाच्या भरात ते आमच्या लक्षातही आले नव्हते!

आई म्हणाली, "गिऱ्हाईक कितीही वाकडे बोलले, तरी आम्ही तागडीत राग टाकत नाही. वजन ते वजन. आज त्याच्यावर चिडून कमी तोललेस, तर उद्या दुसऱ्यालाही कमीच तोलशील. हाताला सवय लागते."

खोटी तागडी परमेश्वराला आवडत नाही, हे नीतिसूत्रांच्या पुस्तकात आहे (नीतिसूत्रे ११:१). आम्ही ते वचन पुढे सेमिनरीत शिकलो, पण त्याचा अर्थ त्या रात्री स्वयंपाकघरातच कळला.

आम्ही तो कागद फाडला आणि दुसरा लिहिला. त्यात त्या मुलाचे नाव आणि त्याने काय केले ते स्पष्ट लिहिले. दुसऱ्या दिवशी त्याला बोलावून सगळे सांगितले. तो लाजून एवढेच म्हणाला, "माझे नाव वर कशाला पाहिजे होते?" पण त्याचा चेहरा उजळला होता. ह्यानंतर साहेब बदलले, असे मात्र झाले नाही. त्या वर्षी आम्हाला 'साधारण' असाच शेरा मिळाला आणि पगारवाढही बेताचीच झाली. पण साहेबांच्या नावाने जी रात्रीची झोप उडाली होती, ती परत आली.

तीन मोह

आपल्याला न आवडणारा माणूस आपला कागद वाचणार असतो, तेव्हा सैतान आपल्याला तीन वाटा दाखवतो.

पहिली वाट सूड घेण्याची. उघड शिवी द्यायची नाही, पण टोमणा मारायचा. आमच्या पहिल्या कागदात तेच होते. ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षण ग्रंथात आठव्या आज्ञेचे विवेचन करताना म्हटले आहे की, स्वतःची बढाई मारणे हे सत्याविरुद्ध आहे आणि दुसऱ्याला कमी लेखण्यासाठी द्वेषाने त्याच्या वागण्याची टर उडवणे हेही तितकेच सत्याविरुद्ध आहे (परिच्छेद २४८१). दोन्ही गोष्टी एकाच परिच्छेदात आहेत, हे किती अर्थपूर्ण आहे! मनात सूड असला की ह्या दोन्ही एकाच वाक्यात लिहिल्या जातात.

दुसरी वाट खुशामतीची. मनात द्वेष आणि कागदावर 'आदरणीय साहेबांच्या समर्थ नेतृत्वाखाली'. पुष्कळांना हा निव्वळ व्यवहार वाटतो. परंतु खुशामत करून दुसऱ्याला त्याच्या वाईट वागण्यात बळ देणे, ह्यालाही तोच ग्रंथ दोष देतो (परिच्छेद २४८०). ज्या साहेबाला कुणीच खरे सांगत नाही तो दर वर्षी आणखी बिघडतो, आणि त्याचा त्रास आपल्यामागून येणाऱ्या नव्या मुलामुलींना होतो.

तिसरी वाट आपल्या भाविक माणसांना फार आवडते. काहीच लिहायचे नाही. 'नेमून दिलेली कामे केली,' एवढे एक वाक्य लिहून मोकळे व्हायचे, आणि वर म्हणायचे, "आपले काम देव बघतो. स्वतःची स्तुती कशाला?" ऐकायला ही नम्रता वाटते. पण नीट पाहिले तर पुष्कळदा तो रुसवा असतो. 'ह्या माणसाला मी माझे काम दाखवणारच नाही' असा तो राग असतो. तिसऱ्या चाकराने तालांत पुरला, तो असाच. आविलाची संत तेरेजा ह्या महान संतिणीने नम्रतेचा अर्थ फार सोपा करून सांगितला आहे. तिच्या मते नम्रता म्हणजे सत्यात चालणे. मग केलेले काम केले म्हणून सांगणे हा गर्व नाही, आणि न केलेले केले म्हणून सांगणे ही हुशारी नाही. रात्रपाळीत ४० रुग्ण सांभाळणाऱ्या परिचारिकेने '४० रुग्ण सांभाळले' असे लिहावे. ते सत्य आहे आणि सत्य देवाचे आहे.

संत पौलही गलतीकरांना हेच सांगतो. प्रत्येकाने स्वतःच्या कामाची पारख करावी, म्हणजे त्याला अभिमान वाटेल तो स्वतःच्या कामाविषयी वाटेल, दुसऱ्याशी तुलना करून नव्हे (गलती ६:४). मंदिरात प्रार्थना करणारा परुशी येथेच चुकला. तो उपवास करीत होता, दशमांश देत होता, हे खरेच होते. पण शेजारी उभ्या असलेल्या जकातदाराला मध्ये आणल्याशिवाय त्याला स्वतःचे चांगले काम दिसेना (लूक १८:९-१४).

मग कसे लिहावे?

लोयोलाचे संत इग्नेशियस ह्यांनी आपल्या आध्यात्मिक साधनेच्या पुस्तकात रोजच्या आत्मपरीक्षणाचे पाच टप्पे दिले आहेत. हे पुस्तक १५४८ साली छापले गेले, पण ते टप्पे आजच्या फॉर्मलाही उपयोगी पडतात. फॉर्म उघडण्याआधी दहा मिनिटे शांत बसा आणि असे करा.

पहिले, उपकार माना. वर्षभर नोकरी होती, हातपाय धड होते, अडचणीत एखाद्या सहकाऱ्याने साथ दिली. त्यांची नावे आठवा. ज्याने उपकार आठवले, तो दुसऱ्याचे काम स्वतःच्या नावावर लिहू शकत नाही.

दुसरे, पवित्र आत्म्याकडे प्रकाश मागा. रागात असताना फॉर्म भरू नका. साहेबांशी खटका उडाला त्या दिवशी तर मुळीच नको.

तिसरे, वर्षाचा क्रमाने आढावा घ्या. संत इग्नेशियस तासातासाचा हिशेब घ्यायला सांगतात. आपण महिन्यामहिन्याचा घेऊ या. त्यासाठी वर्षभर एखाद्या वहीत तारीख घालून दोन ओळी लिहून ठेवण्याची सवय फार चांगली. मग 'खूप मेहनत केली' असे मोघम न लिहिता किती प्रकरणे निकालात काढली, किती विद्यार्थ्यांना जादा तास घेऊन शिकवले, कोणत्या तारखेला काय पूर्ण केले हे लिहिता येते. आकड्याला राग नसतो, आणि साहेबालाही आकडा सहजासहजी खोडता येत नाही.

चौथे, चुकांची क्षमा मागा. आपल्या अहवालात निदान एक खरी उणीव लिहा. 'मी फार काम करतो, हाच माझा दोष' असली उणीव नको. उशीर झाला असेल तर उशीर झाला असे लिहा. का झाला ते एका वाक्यात सांगा. कारण सांगताना ज्याचा दोष नाही त्याच्यावर तो ढकलू नका.

पाचवे, सुधारणेचा निश्चय करा. पुढच्या वर्षी काय शिकणार, कशासाठी मदत लागेल, ते लिहा. साहेबांकडून आपल्याला काय हवे आहे हे सांगायची योग्य जागा हीच आहे. 'मार्गदर्शन मिळाले नाही' असे लिहिले तर ती तक्रार होते. 'दर महिन्याला कामाविषयी अर्धा तास चर्चा झाली तर मला मदत होईल' असे लिहिले तर ती विनंती होते. गोष्ट एकच, पण दुसऱ्या वाक्यात सत्यही आहे आणि प्रीतीही आहे.

लिहून झाल्यावर संपूर्ण फॉर्म पुन्हा वाचा आणि आमच्या आईचा प्रश्न स्वतःला विचारा : हा कागद माझा आहे की त्याचा?

अन्याय होत असेल तर?

कुणी म्हणेल, "फादर, म्हणजे आम्ही सगळे मुकाट्याने सोसायचे काय?" मुळीच नाही. अहवालात सूड नको, ह्याचा अर्थ अन्यायापुढे तोंड बंद असा नव्हे. प्रमुख याजकापुढे प्रभू येशूला एका शिपायाने थोबाडीत मारली, तेव्हा प्रभू गप्प राहिला नाही. त्याने उलट शिवीही दिली नाही. माझे बोलणे चुकीचे असेल तर काय चुकले ते दाखवून दे, आणि बरोबर असेल तर मला का मारतोस, असे त्याने विचारले (योहान १८:२३). म्हणजे प्रभूने पुरावा मागितला! खराब शेरा मिळाल्यावर शांतपणे 'हा शेरा कोणत्या कामावरून दिला ते सांगावे' असे विचारणे हा उद्धटपणा नाही. संत पौलानेसुद्धा आपल्याला न्याय मिळत नाही असे पाहून कैसराकडे दाद मागितली (प्रेषितांची कृत्ये २५:११).

सरकारी नोकरीतील आपल्या बंधू-भगिनींना हे ठाऊक असावे. पूर्वी गोपनीय अहवालातील फक्त प्रतिकूल शेरे कळवले जात. २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने देव दत्त ह्यांच्या खटल्यात निकाल दिला की, सरकारी नोकराच्या अहवालातील प्रत्येक नोंद, चांगली असो वा वाईट, त्याला कळवली पाहिजे. २००९ साली केंद्र सरकारने त्याप्रमाणे आदेश काढला. पूर्ण अहवाल कर्मचाऱ्याला दाखवावा आणि त्याला त्यावर १५ दिवसांत आपले म्हणणे लेखी मांडता यावे, असे त्यात ठरले. प्रतिवेदन अधिकाऱ्याच्या वर पुनर्विलोकन अधिकारी असतो, तो ह्याचसाठी. खाजगी कंपन्यांतही बहुधा वरिष्ठाकडे किंवा एच.आर.कडे लेखी दाद मागता येते.

प्रभूने क्रमही सांगून ठेवला आहे. आधी एकट्याने जाऊन बोला, ऐकले नाही तर एकदोन साक्षीदार घ्या, तरीही नाही तर मंडळीला सांगा (मत्तय १८:१५-१७). सरळ वर तक्रार नको आणि कॅन्टीनमध्ये कुजबुजही नको. पण जेथे साहेबाचे वागणे निव्वळ तिखट नसून अब्रूवर हात टाकणारे आहे, तेथे भगिनींनी एकट्याने जाऊन बोलण्याची वाट पाहू नये. २०१३ च्या कायद्याप्रमाणे दहा किंवा अधिक माणसे काम करतात अशा प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती असायलाच हवी, आणि तक्रार साधारणपणे तीन महिन्यांच्या आत लेखी द्यायची असते. अशा वेळी घरच्यांना सांगा, आम्हालाही सांगा. हे सोसणे म्हणजे क्रूस वाहणे नव्हे!

साहेबाचा आत्मा

आता अवघड गोष्ट. कागद स्वच्छ लिहून झाला, पण मनातला राग गेला नाही. त्याचे काय?

बाळ येशूच्या संत तेरेजाने आपल्या आत्मचरित्रात लिहून ठेवले आहे की तिच्या मठात एक भगिनी होती, तिचे सगळेच तिला नावडते वाटे. बोलणे, वागणे, स्वभाव, सगळे! तेरेजाने ठरवले की प्रीती ही भावनेत नसून कृतीत असावी. ती भगिनी भेटली की ती तिच्यासाठी प्रार्थना करी, तिला मदत करी, आणि उलट बोलण्याचा मोह झाला की स्मित करी. शेवटी त्या भगिनीनेच तिला विचारले की, माझ्यात असे काय आहे की मला पाहून तू नेहमी हसतेस? म्हणून बंधू-भगिनींनो, साहेब आवडत नाही हे पाप नाही. आवडणे-नावडणे आपल्या हाती नसते. पण त्याच्याविषयी काय बोलायचे आणि काय लिहायचे हे आपल्या हाती असते.

संत इग्नेशियसनी आणखी एक मोलाची सूचना केली आहे. दुसऱ्याच्या बोलण्याचा होता होईल तो चांगला अर्थ घ्यावा, तसा घेता येत नसेल तर त्याला काय म्हणायचे आहे ते विचारावे, आणि तो चुकत असेल तर प्रेमाने त्याला सुधारावे. धर्मशिक्षण ग्रंथानेही ती स्वीकारली आहे (परिच्छेद २४७८). आमच्या त्या साहेबांच्या घरी फार मोठे आजारपण होते, हे आम्हाला नोकरी सोडल्यानंतर कळले. त्याने त्यांचे ओरडणे योग्य ठरत नाही. पण दोन वर्षे रोज आठ तास आम्ही त्यांच्यासमोर बसलो आणि एकदाही "घरी सगळे ठीक ना?" असे विचारले नाही, हे आमच्या हिशेबात आहे, त्यांच्या नव्हे.

आणि तुमच्यापैकी जे स्वतः साहेब आहेत, मॅडम आहेत, मुख्याध्यापक आहेत, सुपरवायझर आहेत, त्यांना एवढेच सांगावेसे वाटते. हाताखालच्या माणसांचे अहवाल लिहिताना तागडी तुमच्या हाती असते. नावडत्या माणसाला एक गुण कमी आणि गोड बोलणाऱ्याला एक गुण जास्त, असे करू नका. संत पौल धन्यांना आठवण करून देतो की, चाकराचा आणि तुमचा धनी एकच आहे आणि तो स्वर्गात आहे. तो तोंड पाहून न्याय करीत नाही (इफिस ६:९).

ह्याच मार्च महिन्यात, १९ तारखेला, आपण संत योसेफचा सण साजरा करतो. ह्या सुताराच्या तोंडचा एकही शब्द शुभवर्तमानात नाही. त्याच्या कामाचा अहवाल कुणी लिहिला नाही. पण त्याच्या हाताखाली शिकलेला मुलगा मोठा झाल्यावर लोक त्याला सुताराचा मुलगा म्हणूनच ओळखत होते. आपल्याला मात्र अहवाल लिहावा लागतो. तो लिहिताना संत योसेफची मध्यस्थी मागू या.

ह्या आठवड्यात फॉर्म भरायला बसाल तेव्हा आधी क्रूसाची खूण करा. पहिल्या ओळीपासून ध्यानात ठेवा की हा कागद साहेबाच्या आधी प्रभू वाचतो आहे. आणि सही करण्यापूर्वी त्या साहेबासाठी एक 'नमो मरिया' म्हणा. जमणार नाही असे वाटेल. तरीही म्हणा.

प्रार्थना करू या :

हे प्रभू येशू, नाझरेथच्या घरात तू स्वतःच्या हातांनी काम केलेस. आम्ही केलेले काम सत्याने सांगण्याची आम्हाला कृपा दे. आमच्या उणिवा कबूल करण्याचे धैर्य दे. ज्यांनी आम्हाला मदत केली त्यांची नावे आम्हाला विसरू देऊ नकोस. आमच्यावर अधिकार चालवणाऱ्यांना न्यायबुद्धी दे, आणि आमच्या तागडीतून राग काढून टाक. आमेन.